कॅसने बोलून टाकलं, डीन गप्पच राहिला: सुपरनॅचरल, क्वीअरबेटिंग आणि आपण फॅन मंडळी

माडाखालची (कुडाळ)

ज्यांनी सुपरनॅचरल बघितलेली नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात, बाकीच्यांनी हा पॅरा सोडून द्या. २००५ ते २०२०, पंधरा सीझन, ३२७ एपिसोड. सॅम आणि डीन विंचेस्टर हे दोघे भाऊ जुन्या काळ्या इम्पाला गाडीतून अमेरिकाभर भुतंखेतं मारत फिरतात, मीठ भरलेल्या काडतुसांची बंदूक, लोखंडी सळया, थडगं उकरून हाडांवर मीठ टाकून जाळायची असा सगळा कारभार. चौथ्या सीझनच्या पहिल्याच एपिसोडला, सप्टेंबर २००८ मध्ये, डीनला नरकातून उचलून वर आणणारा कॅस्टिएल नावाचा देवदूत येतो, अंगात ट्रेंचकोट आणि चेहऱ्यावर कायम 'मी कुठे येऊन पडलो' असा भाव. तो मुळात थोड्याच एपिसोडपुरता होता पण लोकांना एवढा आवडला की राहिला तो राहिलाच. आणि पुढची बारा वर्षं तो आणि डीन एकमेकांकडे ज्या नजरेने बघत राहिले त्यावर फॅन्डमचा अर्धा संसार चाललाय. या जोडीचं फॅन्सनी ठेवलेलं नाव डेस्टिएल.

आता मुद्दा. ५ नोव्हेंबर २०२० ला पंधराव्या सीझनचा अठरावा एपिसोड आला. दाराबाहेर मृत्यू धडका मारतोय, आत कॅस डीनला सांगतो की तुझ्यामुळे मी बदललो, मला जे हवंय ते मिळणार नाही हे मला माहितेय, पण सुख नुसतं मिळण्यात नसतं, बोलून टाकण्यातही असतं. आणि मग सरळ, आय लव्ह यू. डीन म्हणतो, असं करू नकोस कॅस. कॅस त्याच्या खांद्याला धरून बाजूला ढकलतो, जॅकेटवर रक्ताच्या पंजाचा ठसा उमटतो (चौथ्या सीझनला तिथेच भाजलेला पंजा होता, आठवतंय ना), भिंतीतून काळा चिखल येतो आणि त्याला घेऊन जातो. डीन जमिनीवर बसलेला, फोन वाजतोय, उचलत नाही. कट. उरलेल्या दोन एपिसोडमध्ये कॅस दिसतच नाही. शेवटी स्वर्गात बॉबी (भावांना वडिलांसारखा असलेला) कॅसचं नाव घेतो, डीन जरासं हसतो, झालं. डीन स्वतः कसा मरतो तर कोठारात व्हॅम्पायरशी मारामारी करताना खांबातून बाहेर आलेली सळई पाठीत घुसून, ज्या माणसाने पंधरा वर्षं लोखंडाने भुतं हाणली तो.

यावर चार वर्षं मी टंबलरवर डोकं फोडून घेतलंय आणि आता माझं मत पक्कं झालंय, ते इथे टाकते, तुम्ही झोडपा. गोष्टीत न बोललेलं काहीतरी ठेवणं, नजरा, अर्धवट वाक्यं, याला मी क्वीअरबेटिंग (म्हणजे समलिंगी प्रेमाची आशा दाखवून प्रेक्षक खेचायचे आणि शेवटी काही द्यायचं नाही) म्हणणार नाही. ते लेखनच आहे. बेटिंग होतं ते गोष्टीच्या बाहेर. प्रोमोत, इंटरव्ह्यूत, अवॉर्डच्या मतदानाला. म्हणजे आमच्या आशेवर तिकीट लावायचं आणि कुणी सरळ विचारलं की 'छे, तुम्ही लोक काहीही बघता'. सगळ्यात चोख नमुना सुपरनॅचरलचा नाहीच, टीन वुल्फचा आहे. २०१२ ला टीन चॉइस अवॉर्डसाठी मतं मागायला डेरेक आणि स्टाइल्स करणाऱ्या दोन नटांना होडीत एकमेकांना बिलगून बसवलं आणि 'आम्ही शिपवर आहोत' असा विनोद करून घेतला, कारण फॅन्स त्या दोघांना शिप करत होते (म्हणजे प्रेमाची जोडी म्हणून बघत होते) हे चॅनलला नीट ठाऊक होतं. मालिकेत त्या दोघांचं पुढे काय झालं? काय होणार, काही नाही.

खवीस७७

बारा वर्षं नुसतं बघत राहिले? आमच्याकडे एवढ्यात लग्न, घराची वाटणी आणि त्या वाटणीवरून कोर्टकचेरी इतकं होतं.

बाकी ताई, तो स्पॅनिश डबिंगचा किस्सा तू गाळलास, तो तर सगळ्यात भारी. लॅटिन अमेरिकेतल्या डबमध्ये डीन त्या सीनला उलट 'मी पण तुझ्यावर, कॅस' असं बोलतो. एपिसोड होऊन अडीच-तीन आठवडे झाले होते, फिनालेचा राग अजून गरम, आणि त्यात हे आलं. माझ्या टाइमलाइनवरचे लोक एका रात्रीत स्पॅनिश शिकले. मूळ इंग्रजीत कुणीतरी ते वाक्य कापलं अशी थिअरी निघाली, तिचा पुरावा काही नाही पण मजा खूप. आणि तो कॅस आय लव्ह यू म्हणतो नि डीन एखादी बातमी सांगतो तो मीम, खरं सांगतो, जगातल्या निम्म्या घडामोडी मला अजून त्यावरूनच कळतात. त्या रात्रीच अमेरिकेची मतमोजणी चालू होती म्हणून सगळं एकात एक मिसळलं.

तात्या_वेंगुर्लेकर

नमस्कार. मी वयाने तुमच्यात सगळ्यात मोठा असावा, शाळेतून निवृत्त, मालिका नातीने लावून दिली म्हणून पहिले काही सीझन पाहिले. मला तो देवदूत आपल्या आरवलीच्या वेतोबासारखाच वाटला, रात्रभर राखण करत फिरतो नि वहाणा झिजवतो, फक्त याला कोणी केळ्यांचा घड देत नाही.

माझी शंका प्रामाणिक आहे, टिंगल समजू नका. दोन पुरुषांतली एवढी जवळीक आपल्याकडे कोणी वाईट डोळ्यांनी पाहिली नाही. दशावतारात आजही पुरुषच द्रौपदी होतो, पुरुषच तारामती होतो, आणि अख्खा गाव माना डोलावतो, बायका डोळे पुसतात. बालगंधर्वांच्या साड्यांची फॅशन घराघरात गेली. मग आता प्रत्येक गोष्टीवर नाव चिकटवायलाच हवं का? न सांगता जे पोचतं ते सांगितल्यावर पोचेनासं होतं असं मला वाटतं.

देवाक_काळजी

आमच्या हयसर असला काय नसता. ही सगळी मोठ्या शहरातली नि फॉरेनची थेरं.

खवीस७७

असतंच रे. तुला कोणी सांगत नाही एवढंच, आणि वरची ओळ वाचल्यावर का सांगत नाही तेही कळलं.

सळसळ

मी मालवणकडचा. इथे नाव-गाव सांगणार नाही.

तात्या, तुमचा प्रश्न चांगला आहे म्हणून नीट उत्तर देतो. माझा मामा एका कंपनीत स्त्रीपार्ट करायचा, लहानपणी मी जत्रेत त्याच्याबरोबर पेटाऱ्यामागे बसायचो. तो स्वतःचा चेहरा स्वतः रंगवायचा, हातात छोटा आरसा, तोंडात न पेटवलेली विडी, एका हाताने निऱ्या धरलेल्या. रंगमंचावर एक बाकडं, तेच सिंहासन तेच जंगल. मामा तिथे जाऊन उभा राहिला की खाजं खाणारी पोरं पण गप्प व्हायची. तुम्ही म्हणता तशा बायका रडायच्या, खरंय. पण सकाळी सहाच्या एसटीत तोच मामा, शर्ट-पँटमध्ये, कानामागे थोडा रंग राहिलेला, तेव्हा मागच्या सीटवरून त्याला ज्या हाका मारायचे त्या मी इथे टाइप करणार नाही, अॅडमिन उडवेल. मामाचं बायका-मुलांचं घर आहे, तो कसा आहे हा प्रश्नच नाही. प्रश्न हा की रात्री चालतं ते सकाळी चालत नाही. मुखवटा आहे तोवर सगळं कलेत धरतात. म्हणून दशावतार पुढे करून 'आपल्याकडे कधी त्रासच नव्हता' असं कोणी म्हणालं की मला एसटी आठवते.

आता कॅसबद्दल. डीन उत्तर देत नाही याचं मला तेवढं काही वाटलं नाही. माणसं देत नाहीत उत्तर. मला डाचलं ते वेगळंच. चौदाव्या सीझनमध्ये जॅकला, म्हणजे त्यांनी मुलासारख्या सांभाळलेल्या पोराला, वाचवायला कॅस एम्प्टीबरोबर (देवदूत मेल्यावर जातात ती काळी पोकळी, वर सांगितलेला काळा चिखल तिचाच) सौदा करतो, की ज्या क्षणी तू खरोखर सुखी होशील त्या क्षणी मी तुला न्यायला येईन. म्हणजे बघा, लेखकांनी यंत्रच असं बांधलं की या माणसाने मन मोकळं केलं की तो मेलाच पाहिजे. दुष्ट खलनायकाची पण गरज नाही. बोलला, गेला. मी ते घरी पाहिलं, माळ्यावर, तिथेच नेटवर्क येतं. बाजूला मावसभाऊ त्याच्या मोबाइलवर गेम खेळत होता, त्याने मान वळवून विचारलं ह्येका काय झाला मधीच, मी म्हटलं देवदूत मेलो. एवढंच म्हटलं.

आणि तात्या, तुम्ही शिक्षक, तुम्हाला तेंडुलकरांची मित्राची गोष्ट माहीत असणार. १९८१ ला रंगमंचावर आलं, रोहिणी हट्टंगडी मित्रा. मुलीवर प्रेम करणारी मुलगी मराठी रंगमंचावर एवढ्या धीटपणे त्यांनी उभी केली याला मी सलाम करतो, पण शेवटी मित्रा जीवच देते. मी ते कॉलेजच्या लायब्ररीत वाचलं तेव्हा मला वाटलं अच्छा, हा मार्ग आहे का. नंतर चाळीस वर्षांनी अमेरिकेतला देवदूत, हातात स्वर्गाची ताकद, तरी तोच शेवट.

माडाखालची

सळसळ, तुझी पोस्ट वाचून थोडा वेळ काही टाइपच करता आलं नाही. एम्प्टीचा सौदा मी कायम 'ट्रॅजिक रोमान्स' म्हणून वाचला होता, तू म्हणतोस तसं बघितलं तर त्याला गोष्टीतलीच चूक म्हणावं लागेल, म्हणजे माझी आतलं-बाहेरचं अशी वाटणी इथे अपुरी पडते. मात्र तो वेगळा गुन्हा आहे असं मी अजूनही म्हणेन. बेटिंग म्हणजे आशा दाखवून न देणं, आणि हे जे आहे ते बरी युवर गेज, म्हणजे दिलं आणि लगेच पुरलं. सुपरनॅचरलने दोन्ही केलं. चार्ली ब्रॅडबरी आठवा, फेलिशिया डेने केलेली, लेस्बियन, कॉम्प्युटर हॅकर, पुस्तकवेडी, आणि मुख्य म्हणजे आनंदी. तिला २०१५ ला, दहाव्या सीझनमध्ये, मारून बाथटबमध्ये टाकलं. तिचं मरण कॅमेऱ्याने दाखवलंसुद्धा नाही, भावांना राग यावा एवढ्यापुरतं ते वापरलं.

रत्नांग्रीकर

भूतखेत नाही पण विषयाला धरून, द हंड्रेड. (अॅडमिन, ही भविष्यातली आहे, सायन्स फिक्शन, पण प्रेक्षक तेच आहेत.) लेक्सा नावाची सेनापती आणि क्लार्क, दोघींचं प्रेम मालिकेने उघड दाखवलं, लपवालपवी नाही. ३ मार्च २०१६ च्या एपिसोडला दोघी पहिल्यांदा एकत्र येतात आणि पुढच्या काही मिनिटांत लेक्साला गोळी लागते, ती पण दुसऱ्याला मारलेली. बफी या व्हॅम्पायरवाल्या मालिकेत २००२ ला टारा या लेस्बियन पात्राला पण अगदी अशीच भरकटलेली गोळी. चौदा वर्षांत गोळीचा नेमसुद्धा सुधारला नाही.

माडाखालचीच्या मुद्द्याला हे पक्कं बसतं, कारण लेक्सा मरणार हे शूटिंग होऊन ठरलेलं असताना शोच्या बाजूने फॅन्सना 'आमच्यावर भरवसा ठेवा' असं सांगणं चालू होतं. म्हणून लोक एवढे चिडले. नुसतं मरणावर कोणी एवढं चिडत नाही, त्या मालिकेत दर आठवड्याला कोणीतरी मरतंच. शोरनरने, म्हणजे मालिकेच्या मुख्य लेखक-निर्मात्याने, नंतर जाहीर माफीचं पत्र लिहिलं. आणि फॅन्सनी काय केलं, तर ट्रेव्हर प्रोजेक्टसाठी, म्हणजे तिकडची एलजीबीटी मुलांसाठीची आत्महत्या रोखणारी हेल्पलाइन, लाखभर डॉलरच्या वर गोळा केले. पुढच्या वर्षी लास व्हेगासला क्लेक्साकॉन नावाचं संमेलनच सुरू झालं. रडून बसले नाहीत हे मला आवडतं. मी तेव्हा अकरावीत होते, परीक्षेच्या आदल्या रात्री लेक्साचा एपिसोड बघायचा मूर्खपणा केलेला.

चौल_रेवदंडा

माडाखालची, मला तुमचा 'बाहेरचं ते बेटिंग' हा निकष आवडला पण त्याला दोन बाजूंनी भोक आहे, सांगतो.

पहिलं भोक. द अनटेम्ड बघितली का कुणी? चिनी मालिका, २०१९, पन्नास भाग, उठवलेली मढी, झपाटलेली तलवार, सगळं आहे. मूळ वेब कादंबरीत दोन नायक सरळ जोडपं आहे, चीनच्या टीव्हीवर ते दाखवताच येत नाही, म्हणून मालिकेत ते फक्त जिवाभावाचे सोबती. पण एकाची बासरी, दुसऱ्याचं गुचिन हे तंतुवाद्य, आणि दोघांनाच माहीत असलेलं एक गाणं, त्या सुरांवरून सोळा वर्षांपूर्वी मेलेला माणूस नव्या रूपात ओळखला जातो. अहो त्याच्यापुढे चुंबन काय करणार. ही मालिका खपवतानाही नटांची जोडी म्हणून भरपूर जाहिरात झाली. तुमच्या निकषाने हे बेटिंग ठरेल. मी नाही म्हणणार, कारण सांगायची इच्छा असून तोंड बांधलेलं असणं आणि तोंड मोकळं असून फक्त जीभ चाटत राहणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. अमेरिकेत २००८ नंतर सुपरनॅचरलचं तोंड कोणी बांधलं होतं? चॅनलच्या धंद्याने. सेन्सॉरने नाही.

दुसरं भोक जास्त वाईट. गोष्टीच्या बाहेर बघायला लागलं की लोक नटांच्या मागे लागतात. हार्टस्टॉपर या दोन शाळकरी मुलांच्या प्रेमाच्या मालिकेतला नट किट कॉनर, अठरा वर्षांचा पोरगा, २०२२ ला त्याच्यावर क्वीअरबेटिंगचा आरोप करकरून शेवटी त्याला ट्विट करून सांगायला लावलं की हो मी बाय (बायसेक्शुअल) आहे, अठरा वर्षांच्या मुलाला हे सांगायला भाग पाडलंत, अभिनंदन. म्हणजे त्याची तयारी नसताना फॅन्सनीच त्याला जगापुढे उघडं पाडल्यासारखं केलं. त्याच वर्षी उलटा प्रकार मिशा कॉलिन्सचा, म्हणजे आपला कॅस. कन्व्हेन्शनमध्ये काहीतरी बोलला, लोकांनी तो बाय असल्याचं जाहीर करून टाकलं, मग त्याला माफी मागून सांगावं लागलं की मी स्ट्रेट आहे. मालिका आमिष दाखवू शकते, जिवंत माणूस दाखवू शकत नाही, तो फक्त जगत असतो. ही रेघ धाग्यात आधीच आखून घ्या.

अॅडमिन

चौल यांची रेघ मान्य. नटांच्या खाजगी आयुष्यावर अंदाज लावणाऱ्या पोस्ट उडवल्या जातील, एक उडवलीय. देवाक_काळजी, तुमचीही दुसरी पोस्ट उडवलीय, कारण तुम्हाला माहीत आहे.

माडाखालची

दुसरं भोक कबूल, नट बाहेर. मी चॅनल, निर्माते आणि प्रोमो कापणाऱ्या लोकांबद्दलच बोलतेय.

पण पहिल्याबद्दल वाद घालणार. सुपरनॅचरलला लेखकांपैकी निदान काहींना सांगायचं होतं असं मला वाटतं, नाहीतर आठव्या सीझनचा सतरावा एपिसोड तसा लिहिलाच नसता. कॅसचं डोकं दुसऱ्या कुणाच्या ताब्यात आहे, तो डीनला मारतोय, डीनचा एक डोळा सुजून बंद, गुडघ्यावर बसलेला, हात उचलत नाही, फक्त म्हणतो आय नीड यू. आणि त्या शब्दाने कॅसच्या हातातली तलवार खाली पडते. दहाव्याचा पाचवा तर त्याहून धीट, दोनशेवा एपिसोड, शाळेतल्या मुलींनी याच भावांवर संगीत नाटक बसवलंय, त्यात डेस्टिएलचा उल्लेख होतो आणि डीन कॅमेऱ्याकडे अशी नजर टाकतो की बस. हा एपिसोड मला आजही खूप आवडतो आणि तेवढाच खटकतो. एकीकडे लेखक म्हणतायत, मुलींनो तुमची गोष्ट तुमची, लिहा. दुसरीकडे तुमची गोष्ट म्हणजे शाळेच्या गॅदरिंगचा विनोद. आम्ही हसलो पण. सहा वर्षांनी तेच खरं करून लगेच पुरलं तेव्हा नाही हसलो.

शेवंताफॅन

तुम्ही लोक फसवणुकीवर भांडताय, आम्हा मराठी मालिकावाल्यांना कोणी फसवायलासुद्धा येत नाही हो.

रात्रीस खेळ चाले घ्या. २०१६ पासून तीन सीझन, आमच्या सावंतवाडीच्या बाजूला आकेरीत शूटिंग, अण्णा नाईक, शेवंता, माई, पांडू, सगळं घर झपाटलेलं, पाप, खून, अनैतिक संबंध, जमिनीचे वाद, काय नव्हतं त्या वाड्यात? एवढ्या मोठ्या कुटुंबात एकही माणूस वेगळा नाही. भूत चालतं, विहिरीतली बाई चालते, पण लग्न न केलेला एखादा काका का नाही केलं हे कोणी विचारत नाही. हिंदीत तरी काय, कल हो ना होची कांताबेन. दोन पुरुष एका खोलीत दिसले की म्हातारी किंचाळते, थिएटर हसतं, झालं प्रतिनिधित्व. २००३ ची गंमत आमच्या शाळेत दहा वर्षं पुरली, कुणाला सतावायला.

हां, उंबरठा होता, १९८२, स्मिता पाटील. आश्रमातल्या दोन बायकांचं प्रकरण त्यात येतं आणि सिनेमा त्यावर हसत नाही. पण तो सिनेमा. मालिका बघणारी माझी आई तिथपर्यंत कशी जाणार, ती रात्री साडेदहाला भाकऱ्या झाकून टीव्हीसमोर बसणार.

म्हणून मी स्वतःच लिहायला घेतलंय. माई आणि शेवंता. दोघी मिळून अण्णांचा काटा काढतात आणि वाडा विकून वेंगुर्ल्याला खानावळ टाकतात. तीन भाग झाले. हसू नका.

खवीस७७

हसत नाहीये, लिंक दे. माई हे इतकी वर्षं सहन करत होती तेव्हाच मला वाटलेलं.

पण एक खरंखुरं विचारतो, सळसळ तू सांग. हे सगळं फॅनफिक (फॅन्सनी मालिकेतल्या पात्रांवर लिहिलेल्या गोष्टी) लिहितात बहुतेक बायका, पुरुष-पुरुषांवर. तुला ते कसं वाटतं? म्हणजे तुझ्या आयुष्याचं मटेरियल करून कोणी दुसरंच मजा घेतंय असं नाही वाटत?

माडाखालची

सळसळ बोलायच्या आधी मी एक सांगते कारण लिहिणाऱ्या बायकांपैकी मी एक आहे. हे टंबलरने सुरू केलेलं नाही. स्टार ट्रेकच्या कर्क-स्पॉकवर १९७० च्या दशकात बायका घरी छापलेल्या फॅनझीनमध्ये लिहीत होत्या, टपालाने एकमेकींना पाठवत होत्या. आता आर्काइव्ह ऑफ अवर ओनवर एकट्या डेस्टिएलच्या लाखाच्या वर गोष्टी आहेत, ती साइट फॅन्सच चालवतात, वर्गणीवर, जाहिरात नाही, २०१९ ला सायन्स फिक्शनचा ह्यूगो पुरस्कार मिळाला त्यांना. आणि लिहिणाऱ्या सगळ्या स्ट्रेट बायका आहेत हा समज तुम्ही लोक कुठून आणता कोण जाणे. मी नाहीये. आता कळलं ना. चला पुढे.

सळसळ

माडाखालची ❤️

खवीस, काही वाचून वाटतं तसं, खोटं कशाला बोलू. काही गोष्टींत ते दोघे पुरुष नसतातच, कपडे घातलेल्या कल्पना असतात. ते सोडून देतो. पण २०१८ ला समलिंगी संबंध गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ चा निकाल आला तेव्हा पेपरात, टीव्हीवर सगळीकडे कायदा, हक्क, सेलिब्रेशन, आणि मला शोधून मिळत नव्हतं ते एवढंच की दोन माणसं राहतात कशी. कोण चहा करतं. भांडण झाल्यावर कोण आधी बोलतं. ते मला त्या फिकमध्ये मिळालं. एक गोष्ट आहे, लांबलचक, तिच्यात काहीच होत नाही, डीन जुनं घर दुरुस्त करतो, कॅस मधमाश्या पाळतो, पत्र्यावर पाऊस पडतो, वीज जाते, दोघे कंदील शोधतात. चाळीस हजार शब्द कंटाळा. मी तीनदा वाचली. मालिका मला देवदूत देते, मृत्यू देते, स्वर्ग देते. मला पत्रा दुरुस्त करणारा हवा होता.

तर माझं क्वीअरबेटिंगवरचं मत तुमच्यापेक्षा थोडं वेगळं आहे. मला फसवलं असं वाटत नाही, कारण मी चॅनलकडून मागितलंच नव्हतं. मला राग याचा येतो की ज्या गोष्टी फॅन्स फुकट लिहीत होते त्यातलं पाच टक्के जरी त्यांनी उचललं असतं तरी शेवट चांगला झाला असता. नुसत्या कथानकाच्या हिशेबाने म्हणतोय. पंधरा वर्षांची मालिका आणि कोठारातली सळई.

रत्नांग्रीकर

कोविडमुळे शेवटचे दोन एपिसोड मार्चमध्ये अडकले, ऑगस्टमध्ये परत शूटिंग केलं, त्यामुळे माणसं कमी आणली असं म्हणतात ना बरेच जण.

चौल_रेवदंडा

शूटिंगचे नियम होतेच, पण कॅसचं नाव दोनदा जास्त घ्यायला विलगीकरण लागत नाही.

उघड दाखवलं की गोष्ट मरते असं तात्या सुरुवातीला म्हणाले होते, त्यावर कोणी नीट बोललंच नाही. तात्या, इंटरव्ह्यू विथ द व्हॅम्पायर बघा, २०२२ ला आलेली मालिका, सिनेमा नव्हे. अॅन राइसच्या १९७६ च्या कादंबरीत लुई आणि लेस्टॅट यांचं जे काही आहे ते धुक्यात आहे, १९९४ च्या सिनेमात त्याहून धुकं. मालिकेने पहिल्याच एपिसोडमध्ये सांगून टाकलं की हे प्रेमी आहेत, आणि नंतर गोष्ट संपली नाही, उलट तिथून सुरू झाली. कारण मग प्रश्न येतात, लेस्टॅट खोटं किती बोलतो, मारतो का, लुई जे सांगतोय ते तरी खरं का. अतिशय वाईट नवरा आहे तो लेस्टॅट. मला हेच हवंय, गे व्हॅम्पायरला पण नालायक असायची मुभा. 'आहेत की नाहीत' यावर बारा वर्षं घालवली की 'कसे आहेत' याला वेळच उरत नाही.

तात्या_वेंगुर्लेकर

सगळं वाचलं. सळसळ, तुमच्या मामांबद्दल जे लिहिलंत ते मी शाळेच्या बसमध्ये पाहिलेलं आहे, मुलांच्या तोंडून, आणि मी मुलांना शिक्षाही केली नव्हती. मित्राची गोष्ट आमच्या शाळेच्या लायब्ररीत घेऊ नये असं ठरलं होतं त्या बैठकीत मी होतो. बाजूने होतो की विरोधात ते आता सांगत नाही.

न सांगितलेलं जास्त पोचतं या मताला मी अजून धरून आहे, पण चौल यांनी म्हटलेली व्हॅम्पायरची मालिका बघीन म्हणतो. तोवर नात येतेय गणपतीला, तिच्याबरोबर हीच पुढे बघायची आहे. मी पाचव्या सीझनपर्यंत आलोय. ३२७ भाग या वयात होणे नाही. नेमके कोणते बघावे, कोणीतरी लिहून द्या.

सळसळ

तात्या, पाचव्याचा चौथा परत बघा, भविष्यातला डीन आहे त्यात. सहाव्याचा विसावा, अख्खा कॅसच्या तोंडून आहे. आठव्याचा सतरावा, माडाखालचीने वर सांगितलेला. दहाव्याचा पाचवा नातीबरोबर बघा, तिला जास्त कळेल. मग एकदम पंधराव्याचा अठरावा. मधलं काही अडलं तर मला मेसेज करा, मी समजावीन. एकोणीस आणि वीस बघायची गरज नाही.

शेवंताफॅन

आणि विसावा चुकून लागलाच तर कोठार आलं की टीव्ही बंद करा तात्या. माझा चौथा भाग रविवारी येतोय, तो वाचा, त्यात कोणी मरत नाही. अण्णा सोडून.